आधी रिपोर्ट पुरा करून घ्या: ‘ट्रिपल निगेटिव्ह’, जनुकांवरच्या खुणा आणि पसरण्याची भीती

प्रश्न निपाणीजवळच्या एका गावातल्या शिक्षकांचा आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या, डाव्या स्तनात गाठ निघाली. वय ४४. सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्टात ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू २+, केआय-६७ ६० टक्के. डॉक्टरांनी ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असं सांगून केमो लवकर सुरू करायला सांगितलं. सरांचे प्रश्न चार. घराण्यात कुणालाच नाही, मग हा आला कुठून? सुई टोचली म्हणून पसरेल का? कॅन्सर हा जनुकांवरच्या खुणांचा आजार आहे आणि त्या खुणा आहाराने व काढ्याने पुसता येतात, असा एक व्हिडिओ घरात फिरतोय. त्यासाठी महिनाभर केमो थांबवावी का? आणि सरांची स्वतःची मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिचं काय?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यातच वेळ जाऊ शकतो: थांबवू नका. केआय-६७ ६० टक्के म्हणजे गाठीतल्या दर दहा पेशींपैकी सहा या घडीला विभाजनाच्या फेऱ्यात आहेत. अशा गाठीला महिना देणं परवडत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेले तुकडे तपासून रिपोर्ट देणारी डॉक्टर. औषध कोणतं, डोस किती, हे तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) ठरवतील. पण तुमच्या चार प्रश्नांत जो नाही तो पाचवा मला पहिला दिसतो, आणि तो माझ्याच कामातला आहे. अक्कांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणायला तुमचा रिपोर्ट पुरेसा नाही.

ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे तीन गोष्टी नाहीत: इस्ट्रोजेन या हार्मोनचा संदेश घेणारा रिसेप्टर (ईआर), प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर (पीआर) आणि हर-टू हे पेशीवरचं प्रथिन. पहिल्या दोन शून्य आहेत. तिसरी २+ आहे, आणि २+ म्हणजे ‘नाही’ नव्हे. हर-टूचा रंग काचेवर शून्य, १+, २+, ३+ असा मोजतात. शून्य आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे रंगावरून सांगता येत नाही, जनुक मोजा. त्यासाठी फिश टेस्ट असते. हर-टूचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. एका चमकत्या रंगाने ते जनुक आणि दुसऱ्याने त्या गुणसूत्राचा मध्यभाग रंगवून दोन्हींचे ठिपके मोजतात. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा अधिक प्रती असतील तर हर-टू पॉझिटिव्ह. तोच काढलेला तुकडा, तो बसवलेला तोच मेणाचा ब्लॉक. पुन्हा सुई टोचावी लागत नाही. साधारण आठ-दहा दिवसांत उत्तर येतं.

एवढा आग्रह का, तर उत्तराप्रमाणे उपचार बदलतात. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की ज्या गाठींत हर-टूच्या प्रती वाढलेल्या असतात त्या जास्त आक्रमक असतात. हर-टूच्या प्रथिनाला बांधणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याआधी हर-टू पॉझिटिव्ह ही वाईट बातमी होती, आता ती उपचाराची जागा आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या बायोकॉनने त्याचं बायोसिमिलर (त्याच धर्तीचं औषध) २०१४ पासून बाजारात आणलं, नंतर इतर कंपन्याही आल्या, आणि किंमत बरीच उतरली. अक्का हर-टू पॉझिटिव्ह निघाल्या आणि त्यांना ट्रिपल निगेटिव्ह समजून नुसती केमो दिली, तर सगळ्यात उपयोगी औषध राहून जाईल. आणि फिश निगेटिव्ह आली तरी २+ हा शेरा फुकट जात नाही. अशा गाठींना आता ‘हर-टू लो’ म्हणतात, आणि २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाने पसरलेल्या हर-टू लो आजारात आयुष्य वाढतं असं दिसलं. औषध महाग आहे आणि आज अक्कांना ते लागू नये हेच बरं, पण ती नोंद कागदावर असू द्या.

आता दुसरी शंका, जी मी आपल्या भागातल्या प्रत्येक ‘ईआर शून्य’ला घेते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) कधी पडला? अथणी, रायबाग, चिकोडीकडचे नमुने कधी बसने येतात, कधी कुरियरने, कधी नातेवाइकांच्या पिशवीतून. काही मिरजेला जातात, काही कोल्हापूरला, काही बेळगावला. नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावा, फॉर्मॅलिन त्याच्या दहापट असावं आणि आत तो सहा ते बहात्तर तास राहावा, असा नियम आहे. सलाइनमध्ये पाठवलेला किंवा गॉजमध्ये सुका गुंडाळलेला तुकडा वाटेतच खराब होतो, आणि ईआर हे प्रथिन नाजूक असतं. मग रिपोर्ट शून्य येतो, पण ते शून्य गाठीचं नसून बाटलीचं असतं. सबंध गाठ काढून तशीच न कापता बाटलीत टाकली तर आणखी वाईट. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं; मधला भाग तोवर सडत राहतो. सुईने काढलेले बारीक तुकडे या बाबतीत उलट चांगले. तुमच्या अक्कांचे तसेच आहेत.

हे तपासायची सोपी रीत आहे. गाठीच्या शेजारी नेहमीच्या निरोगी दूधनलिका दिसत असतील तर त्यांतल्या काही पेशी ईआरला रंगायलाच हव्यात. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर शून्य खरं. त्याही कोऱ्या असतील तर टेस्ट पुन्हा करावी. तुमच्या पॅथॉलॉजिस्टना फोन करून एवढंच विचारा: ‘इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह होता का?’ राग येणार नाही. हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पश्चिमेपेक्षा जास्त दिसतं. त्यात तरुण वयाच्या बायकांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण बाटलीतल्या चुकांचाही काही वाटा आहे असं माझं मत आहे.

आता ‘आला कुठून’. घराण्यातून येणारे स्तनाचे कॅन्सर एकूण पाच ते दहा टक्के. बाकीचे जन्मानंतर, स्तनातल्याच एखाद्या पेशीत साठत गेलेल्या बिघाडांतून होतात. घराण्यात कुणाला नाही, ही त्यामुळे नवलाची गोष्ट नाही. मात्र तिच्यावर फार विसंबूही नका. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये ज्याची जागा १७ व्या गुणसूत्रावर दाखवली आणि १९९४ मध्ये जे हाती लागलं, ते डीएनए दुरुस्तीचं बीआरसीए-वन जनुक सदोष असलं तर बापाकडूनही येतं. आपल्याकडे ‘घराण्यात’ म्हणताना आईच्या बाजूच्या मावश्या मोजतात आणि आत्या विसरतात. ज्या घरात तीन पिढ्या मुलगेच जास्त झाले तिथे दोष गपचूप चालत आलेला असू शकतो. ‘मामाच्या पोरीशी लग्न केलं म्हणून झालं का’ असंही आपल्या भागात विचारतात. नाही. बीआरसीएची एकच सदोष प्रत धोका वाढवायला पुरते, ती एका पालकाकडून आली तरी बास. नात्यातल्या लग्नाने हा दोष तयार होत नाही.

व्हिडिओतली खरी गोष्ट इथून सुरू होते. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए एकच. तरी यकृत यकृताचं काम करतं आणि स्तन स्तनाचं, कारण कुठे कोणती जनुकं चालू राहतील हे वेगळं ठरतं. ते ठरवणाऱ्या रासायनिक खुणांपैकी एक म्हणजे मिथायलेशन: डीएनएच्या सायटोसिनवर मिथाइलचा बारीक गट बसतो. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाट बसले की ते जनुक वाचलं जात नाही. दुसरी खूण हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर. अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की कॅन्सरच्या पेशींत मिथायलेशन एकंदरीत कमी असतं. पुढे कळलं की त्याच पेशींत काही रक्षक जनुकांच्या सुरुवातीला मात्र ते जास्त चढतं. ट्रिपल निगेटिव्ह गाठींच्या एका गटात बीआरसीए-वन असंच बंद झालेलं सापडतं. जनुकात एकही अक्षर चुकलेलं नसतं, रक्ताची टेस्ट स्वच्छ येते, आणि तरीही गाठीत ते जनुक मुकं असतं. ईआर नसलेल्या काही गाठींत ईआरचं जनुकही याच रीतीने दबलेलं असतं.

मग पुसा ना ती खूण! संशोधकांना हे सुचलं नाही असं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ईआर पुन्हा उघडून दाखवलेला आहे. पण माणसाला दिलेलं मिथायलेशन-विरोधी औषध नेमकं तेवढंच एक जनुक गाठत नाही; सगळीकडे जातं आणि बंदच राहायला हवीत ती जनुकंही उघडू शकतं. अॅझासायटिडीन २००४ पासून अस्थिमज्जेच्या एका विकारात वापरात आहे, स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. हिस्टोनवरच्या खुणांवर काम करणाऱ्या एन्टिनोस्टॅट या औषधावर मोठी आशा होती. ६०८ रुग्णांच्या चाचणीत, २०२१ मध्ये, आयुष्य वाढलं नाही. त्याच जातकुळीचं टुसिडिनोस्टॅट चीनमध्ये २०१९ मध्ये मान्य झालं. दोन्ही हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे ईआर किंवा पीआर असलेल्या, आजारासाठी. अक्कांशी त्यांचा संबंध नाही.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीचा २०१८ चा निकाल. पसरलेल्या आजारात डीएनएला इजा करणारं कार्बोप्लॅटिन चांगलं की डॉसीटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, हे ३७६ रुग्णांत पाहिलं. बीआरसीए जन्मजात सदोष असलेल्यांना कार्बोप्लॅटिनचा स्पष्ट फायदा झाला. बीआरसीए-वन मिथायलेशनने बंद पडलेल्यांना झाला नाही. दोघींच्या गाठीत जनुक मुकंच, मग फरक कसला? एक सयुक्तिक खुलासा असा की चुकलेलं अक्षर तसंच राहतं, पण मिथायलेशन आधीच्या केमोच्या दबावाखाली उतरू शकतं, जनुक पुन्हा चालू होतं आणि पेशी आपला डीएनए दुरुस्त करून वाचते. म्हणजे ‘खूण पुसली की बरं होतं’ हे सरसकट खरं नाहीच; कधी खूण पुसली गेल्यानेच गाठ औषधाला दाद देईनाशी होते. व्हिडिओवाल्यांनी एवढं वाचलेलं नसतं.

काढ्याबद्दल थोडक्यात. सांगलीची हळद रोज भाजीत घाला, कुणी अडवत नाही. कर्क्युमिन प्रयोगशाळेत हिस्टोनच्या एन्झाइमांवर परिणाम दाखवतं, पण तिथल्या थाळीत ते जेवढं घालतात तेवढं खाऊन रक्तात पोचतच नाही. मिरीच्या अर्कासोबतच्या हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच निचरतात. बेळगावातच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे. वनस्पतींचा गंभीर अभ्यास होतो तो अशा ठिकाणी. बाटलीवर घटकच न लिहिणाऱ्यांशी त्याची गल्लत करू नका. जे काही घेताय ते ऑन्कॉलॉजिस्टना बाटलीसकट दाखवा.

सुईबद्दल. कोअर बायॉप्सीमुळे, म्हणजे सुईने तुकडा काढण्यामुळे, आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. पसरण्याची क्रिया गाठीत मूळची चालू असते. स्तनाच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असतात. ट्विस्ट, स्नेल, झेब अशी भ्रूणावस्थेत लागणारी जनुकं गाठीत अवेळी जागी होतात आणि ई-कॅडहेरिन दाबतात. पेशी सुट्या होतात, सरकू लागतात. नव्या जागी रुजताना पुष्कळ वेळा हेच उलट फिरतं आणि त्या पुन्हा एकमेकींना धरतात. हा बदल मागेपुढे होऊ शकतो म्हणूनच तो मुख्यतः खुणांचा मामला मानतात. अक्षर चुकलं असतं तर परत फिरलं नसतं.

सुटलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहून बी (कॅन्सरची पेशी) आणि जमीन (ती रुजते तो अवयव) असा विचार मांडला. खानापूरच्या तांबड्या मातीत जे येतं ते अथणीच्या काळ्या रानात येईलच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हार्मोन पॉझिटिव्ह आजार हाडाकडे जास्त जातो आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. ६२,९२३ बायकांच्या २०१७ च्या विश्लेषणात पाच वर्षांची हार्मोनची औषधं संपल्यावरही, निदानापासून वीस वर्षांपर्यंत, तो परतताना दिसला. ट्रिपल निगेटिव्हचं उलटं: पहिली तीन वर्षं धोक्याची, पाचानंतर धोका बराच उतरतो, आणि ओढा फुप्फुसाकडे व मेंदूकडे.

रक्तात एकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा त्यांचे घोळके कितीतरी जास्त रुजतात. स्वित्झर्लंडमधल्या निकोला अचेटो यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की घोळक्यात राहिल्याने पेशींचं मिथायलेशनच बदलतं, मूळपेशींसारखी जनुकं मोकळी होतात, आणि घोळका फुटला की तो बदल मागे फिरतो. घोळके फोडायला त्यांनी डिजॉक्सिनच्या कुळातली औषधं वापरली, हृदयरोग्यांना देतात तीच. २०२५ मध्ये नऊ रुग्णांवर करून पाहिलं तेव्हा घोळक्यांचा आकार घटला. नऊच रुग्ण. डिजॉक्सिनचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं असतं, तेव्हा कुणाच्या आजोबांच्या गोळ्या अक्कांना देऊ नका. हे लिहावं लागतं, कारण असले प्रकार होतात.

ऑपरेशनच्या वेळी पेशी सुटतात का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यावरचं एक चांगलं काम आपल्याच देशातलं आहे. टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांत ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती साधं लिडोकेन टोचून पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर. दात काढताना देतात ते भुलीचं औषध, खर्च नगण्य. पण त्यात केमो आधी घेतलेल्या रुग्ण नव्हत्या. अक्कांना बहुधा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असेल, त्यामुळे हा निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही; तरी सर्जनना विचारायला हरकत नाही.

फिश निगेटिव्ह येऊन आजार खरोखर ट्रिपल निगेटिव्ह ठरला, तर ऑन्कॉलॉजिस्टना कार्बोप्लॅटिनबद्दल विचारा. टाटामध्येच सातशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निकाल २०२२ च्या डिसेंबरमध्ये मांडले गेले, ऑपरेशनआधीच्या केमोत ते घातल्याने पन्नाशीपर्यंतच्या बायकांचं आयुष्य वाढलं. अक्का ४४ च्या आहेत आणि औषध स्वस्त आहे. पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीही दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये उपयोगी ठरली आहे. तिचा खर्च मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्रांना (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसांना) आधीच विचारा. कर्नाटकातल्या योजनेत नेहमीच्या उपचारांसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आणि कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर कार्ड तिथे चालतं का हे निघण्याआधी बघा, तिथे पोचल्यावर नको.

दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटाला किंवा बेंगळुरूच्या किदवाई कॅन्सर दवाखान्यात जायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घ्या, त्यांच्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का पाहा, आणि ब्लॉक उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका. वितळतो.

राहिली मुलगी. तिची आत्ता कसलीही टेस्ट करू नका. आधी अक्कांची बीआरसीए-वन आणि टूची रक्ततपासणी करा. ट्रिपल निगेटिव्ह असेल तर ती घराण्याचा इतिहास नसला तरी करायची असते, आणि निकालाचा उपयोग त्यांच्या उपचारालाही होतो, कारण ओलापॅरिबसारखी औषधं त्यावरच ठरतात. दोष निघाला, तर तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता पन्नास टक्के. मग तुम्ही तपासायचं. होय, पुरुष असलात तरी. तुमच्यात नसेल तर तुमच्याकडून मुलीला तो जाऊच शकत नाही, विषय संपला. असेल तर ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला समजावून, तिच्या मर्जीने तपासा. बीआरसीए-वन सदोष असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के असते, पण एमआरआयची नियमित तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करतात. तुमच्या हातात दहा वर्षं आहेत. अक्कांच्या फिशसाठी मात्र ब्लॉक याच आठवड्यात पाठवा.